‘स’ जरा कमी करा

सुनयना : …आणि ‘शेंगांवर साय सांडली’ येतं ना, तिथं तर कानात सुई गेल्यासारखं होतंय. ‘स’ जरा कमी करा की.

विश्वजित : कमीच आहे. अजून कमी केला तर तू तोंडात पान धरून गातेस असं वाटेल.

सुनयना : कमी नाही केलाय तुम्ही. वाढवलाय. काल होता त्याच्यापेक्षा जास्त टोचतोय आज.

विश्वजित : ए, मी काय येडा आहे का उगाच वाढवायला? सकाळपासून खुर्चीला चिकटलोय. शर्ट बघ, पिळला तर बादली भरेल.

सुनयना : मग पंखा लावा की. रेकॉर्डिंग कधीच झालंय. मिक्सिंग करताना कशाला बंद ठेवायचा पंखा?

विश्वजित : पंख्यात मला नीट ऐकू येत नाय.

सुनयना : आधी यायचं.

विश्वजित : आधी खाली पिठाची गिरणी नव्हती. आधी समोर टॉवरचं काम नव्हतं. गावठाणात खोली घेऊन स्टुडिओ करायचा म्हणजे असंच होणार.

सुनयना : आज रविवार, गिरणी बंद आहे. बरं, चहा टाकते. साखर संपलीय, गुळाचा चालेल ना?

विश्वजित : कोण खपलं?

सुनयना : साखर! साखर संपलीय.

विश्वजित : मग असं ओठातल्या ओठात नको ना बोलू. गातेस पण तशीच, मग ‘स’ वाढवायला लागतो.

सुनयना : म्हणजे वाढवलाय.

विश्वजित : …थोडासा. ऐकूच येत नव्हता, म्हणून. तू गिळतेस तो. एक काम कर, परत गा. गोधड्या लटकवतो, माइक लावतो, फक्त पहिलं कडवं.

सुनयना : नाही गाणार.

विश्वजित : दहा मिनिटांचं काम आहे.

सुनयना : काल पण दहा मिनिटांचंच होतं. परवा पण. माझा घसा बसला ओ. दवाखान्यात काउंटरवर पेशंटची नावं पुकारायची असतात मला दिवसभर. आणि माझा ‘स’ चांगला आहे. शाळेत बाई माझ्याकडूनच प्रार्थना म्हणवून घ्यायच्या.

विश्वजित : शाळेतली प्रार्थना वेगळी, माइक वेगळा. माइक सगळं दाखवतो.

सुनयना : किती वाजले बघा. जयप्रकाशभावजींना संध्याकाळी सातपर्यंत पाठवायचंय.

विश्वजित : आठ.

सुनयना : सात. फोन स्पीकरवर होता. मी शेजारीच कोथिंबीर निवडत होते.

विश्वजित : आठ बोलला तो. मी त्याला शाळेपासून ओळखतो. सात बोलला तरी तो आठलाच बघेल.

सुनयना : त्यांनी सात म्हटलं. ‘साडेसातला मी मंडपात असणार, म्हणून सात.’ असं म्हणाले.

विश्वजित : …मंडप मी ऐकलं.

सुनयना : उद्या सकाळी ते त्यांच्या चॅनलवर लावणार आहेत. तळवलीपासून पार उरणपर्यंत त्यांची हळदीची गाणी वाजतात. त्यात माझं एक. मी लिहिलेलं, मीच चाल लावलेलं पहिलं. मला नीट जायला पाहिजे ते.

विश्वजित : मग मी काय करतोय? माझं नाव नाय का त्याच्यावर? थांब, परत ऐक. नीट बस इथं. समोर बघू नको, डोळे मीट.

सुनयना : लावा.

विश्वजित : ‘शेवग्याच्या शेंगांवर साय सांडली उन्हाची’… काय वाईट आहे? सांग ना. मऊ आहे एकदम. ‘सांग सखे, सांजवेळी शीळ आली ही कुणाची’… आणि मागं टाळ. एक नंबर.

सुनयना : टाळ डोक्यात वाजतायत. बंद करा. बंद करा आधी!

विश्वजित : तुला ना, झालंय काय, सारखं ऐकून ऐकून कंटाळा आलाय. होतं तसं. दोन दिवस ऐकलं नाय की परत चांगलं वाटतं.

सुनयना : माझं एकटीचं नाही.

विश्वजित : काय?

सुनयना : टोचतंय असं मी एकटी म्हणत नाही. जयप्रकाशभावजींनी पण मला मेसेज केलाय. शुक्रवारी तुम्ही कच्चं पाठवलंत ना, त्याच्यानंतर.

विश्वजित : तुला? मला का नाय केला?

सुनयना : तुम्हाला राग येतो म्हणून. ‘वयनी, गाना लय भारी हाय, पन वरचा आवाज कानाला टोचतो. विश्याला तुमी सांगा, मी बोललो तर तो चिडंल.’ हे बघा.

विश्वजित : दाखवू नको. मला नाय वाचायचं. म्हणजे माझ्या पाठीमागं तुम्ही दोघं माझ्या कामाची मापं काढताय.

सुनयना : मापं कसली?

विश्वजित : त्याला सांगायचं ना, सगळं आयुष्य एकाच ठेक्यावर गाणी काढलीस, तुला कळतं का आवाजातलं? आपल्या मागच्या गाण्याला पण त्यानंच काय ते पसरवलं असणार. लोक लिहितात ‘कान फुटले’. जळतात साले.

सुनयना : ते लिहिणाऱ्यांना भावजी ओळखत पण नाहीत.

विश्वजित : हेडफोनचं आहे काहीतरी. याची वायर गेलीय बहुतेक.

सुनयना : मार्चमध्ये नवीन घेतलाय. त्याच्या आधीचा पण असाच ‘गेला’ म्हणून तुम्ही कंपनीतल्या नामाभावजींना देऊन टाकला. त्यांच्याकडं तो छान चाललाय.

विश्वजित : मग खोलीचं. तिन्ही बाजूंना भिंती, एका बाजूला लोखंडी कपाट. आवाज आपटतो.

सुनयना : बरं. खोलीचं आहे ना? तुमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सूर आहे बघा, खालून वर चढत जाणारा. स्पीकर आणले तेव्हा खोली तपासायला लावला होता.

विश्वजित : त्याचं काय?

सुनयना : लावा की. खोलीचा दोष असला तर कळेल. मग मी जयप्रकाशभावजींना सांगते, तुमचंच चुकलं म्हणून.

विश्वजित : लावतो. आत्ता लावतो. ये, इकडे मधोमध बस. हां… आला खर्ज. टेबल कसं थरथरतंय बघ. कुठं काय फुटतंय? काहीच नाय. आता वर चढला… क्लीन आहे… अजून… बघ, कपाट पण वाजत नाय. अजून… हां… झाला. संपला. मिळालं उत्तर? …आता कानावर हात कशाला ठेवलेस? नाटकं नको करू.

सुनयना : संपला नाही.

विश्वजित : संपला गं.

सुनयना : चालू आहे. दात आंबतायत माझे.

विश्वजित : सुनयना, मस्करी नको. आणि ही भिंत कोण ठोकतंय?

सुनयना : शेजारचे. आवाज बंद करा म्हणून.

विश्वजित : कुठला आवाज?

सुनयना : हाच. स्क्रीनवर बघा. आवाज दाखवणारी हिरवी पट्टी बघा तुमची.

विश्वजित : …हलतेय.

सुनयना : हलतेय ना?

विश्वजित : बंद कर.

सुनयना : केला.

विश्वजित : कधी?

सुनयना : आत्ता. तुमच्यासमोर बटण दाबलं की.

विश्वजित : मला काय फरक नाय कळला. …पाणी दे जरा.

सुनयना : हे घ्या. बसा. उभं नका राहू. बसा ओ खाली.

विश्वजित : बसवत नाय. पंखा लाव. लाव आता, काय फरक पडतो.

सुनयना : मला दिवाळीपासून वाटत होतं. कुकर ठेवून गेले की शिट्ट्यांकडं तुमचं लक्ष नसायचं, डाळ करपायची. आधी वाटलं, गाण्यात गुंग असता. मग मी पाठीमागून हाक मारली की तुम्ही वळायचा नाहीत, समोरून मारली की बरोबर उत्तर द्यायचा. माझे ओठ बघून.

विश्वजित : मग बोलली का नाय?

सुनयना : कसं बोलू? दिवसभर कंपनीत त्या पत्रे दाबायच्या प्रेसवर ढणढण ऐकून यायचं, जेवताना तोंडातून शब्द नाही. आणि या खुर्चीत बसलं की चेहरा वेगळाच. त्या खुर्चीतून तुम्हाला उठवायचं माझ्या जिवावर यायचं.

विश्वजित : मला पण वाटत होतं. आधी हेडफोन बदलला, मग स्पीकर. मग वाटलं, तूच हळू गातेस. मग पट्टी बघून करायला लागलो. जिथं हिरवी वर जाते तिथं ‘स’ असणार, असं धरून. कानानं नाय, डोळ्यानं मिक्सिंग करतोय मी.

सुनयना : कंपनीनं ते रबरी बोळे दिलेत ना कानात घालायला?

विश्वजित : खिशात असतात. कोणच घालत नाय. घातले तर बाजूचा काय ओरडतो ते कळत नाय. आणि तो प्रेस… पहिल्या वर्षी संध्याकाळी कान गच्च व्हायचे, सकाळी मोकळे. मग हळूहळू सवय झाली, असं वाटलं.

सुनयना : सवय नाही झाली.

विश्वजित : नाय. ते आता कळलं. …एक सांगू? ओरडणार नाय बोल.

सुनयना : सांगा.

विश्वजित : माझा निळा शर्ट. खिळ्याला अडकून फाटला बोललो होतो.

सुनयना : हो. मी टाके घातले त्याला. कॉलर उसवली होती.

विश्वजित : खिळा नव्हता. कंपनीच्या गेटवर ट्रक मागं घेत होते. मागं घेताना टीं टीं वाजतं ना, ते मला ऐकूच आलं नाय. मी मोबाइल बघत चाललो होतो. नामानं कॉलर धरून खेचलं.

सुनयना : ट्रक कुठं होता?

विश्वजित : मागं.

सुनयना : किती मागं?

विश्वजित : नामा बोलला, हात पुरला म्हणून.

सुनयना : …आणि तू मला शर्ट शिवायला दिलास.

विश्वजित : सुनयना…

सुनयना : मी इथं बसून त्याच धाग्याचा निळा शोधत होते! दोन दुकानं फिरले! आणि तू या खुर्चीत बसून ढोलकी लावत होतास! नामाला माहीत, त्या ट्रक ड्रायव्हरला माहीत, मला नाही!

विश्वजित : तू घाबरली असतीस.

सुनयना : मग घाबरू दे की! नवऱ्यासाठी घाबरायचं पण नाही का मी?

विश्वजित : हळू. शेजारी ऐकतात.

सुनयना : ऐकू देत. त्यांना तरी ऐकू येतंय. …असं नव्हतं म्हणायचं मला.

विश्वजित : मी जरा खाली जाऊन येतो.

सुनयना : कुठं?

विश्वजित : असंच. स्टेशनपर्यंत. इथं भिंती अंगावर येतायत.

सुनयना : एकट्यानं रस्त्यावर नाही जायचं.

विश्वजित : आता कोंडणार का मला?

सुनयना : आज तरी. उद्या मी रजा टाकते, कानाच्या डॉक्टरकडं जाऊ. त्याच्यानंतर कुठं फिरायचं तिथं फिरा.

विश्वजित : मग हे पण राहू दे. गाणं. नको पाठवू. काढूनच टाकतो, उगाच डोळ्यासमोर नको. आपल्याच्यानं होत नाय ते कळलंय ना आता.

सुनयना : हात काढा त्याच्यावरून.

विश्वजित : माझंच काम आहे ना? मीच करतो डिलीट.

सुनयना : गाणं माझं आहे! तुमचे कान गेले म्हणून माझं गाणं पण जायचं का? …चुकून गेलं तोंडातून.

विश्वजित : नाय. बरोबर बोललीस. हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

सुनयना : अहो…

विश्वजित : थांब. रडू नको. तू रडायला लागलीस की मला काहीच समजत नाय तू काय बोलतेस ते. फोन लाव त्याला.

सुनयना : मी बोलते. उशीर होईल एवढंच सांगते. बाकीचं कशाला?

विश्वजित : मी बोलतो. स्पीकरवर टाक. आणि समोर बस, मधेच काय सुटलं तर तू सांग.

जयप्रकाश : बोल रं विश्या! गाना कवा पाठवतोस? फोटो-बिटो सगला तयार करून बसलोय. वयनीचा फोटो काय आलाय, हिरोइन!

विश्वजित : जयप्रकाश, मिक्स मला जमत नाय.

जयप्रकाश : क झाला? वयनीनी सांगितला वाटतं. अरे, मी सहज बोललो. तू नको मनावर घेऊ, आमी काय, ठोकठोकवाले.

विश्वजित : तू बरोबर बोललास. मला वरचं ऐकू येत नाय.

जयप्रकाश : हेडफोन बदल ना. माजा घेऊन जा.

विश्वजित : हेडफोन नाय. कान. प्रेसवर गेले ते. आत्ताच कळलं, म्हणजे कळत होतं, आत्ता कबूल केलं. ‘स’ नाय, ‘श’ नाय, टाळ नाय. तिथं मला नुसतं रिकामं आहे.

जयप्रकाश : …

विश्वजित : काय बोलला का तो?

सुनयना : नाही. गप्प आहेत.

जयप्रकाश : घरीच हाय ना तू? थांब. गाडी काढतो.

विश्वजित : आज नको. तुला हळदीला जायचंय. उद्या डॉक्टरकडं जातोय. पुढच्या रविवारी ये. मिक्स तू कर. आणि उद्या सकाळचं जे ठरलं होतं, ते तुझं नुकसान…

जयप्रकाश : चॅनल गेला खड्ड्यात. उद्या माजा एक जुना गाना टाकतो, पब्लिकला काय, नाचायला पायजे. वयनी, हाय का तिथं?

सुनयना : आहे भावजी.

जयप्रकाश : याला आज एकटा सोरू नका.

सुनयना : नाही सोडत.

(पुढचा रविवार, दुपार. जयप्रकाश लॅपटॉपपुढे, सुनयना त्याच्या शेजारी. विश्वजितला बसवत नाही, तो मागे उभा.)

जयप्रकाश : फिरू नको रं खोलीत, मना गरगरतंय. डॉक्टर क बोलला ते सांग आधी.

विश्वजित : तिला विचार. अर्धं तर मला तिथंच ऐकू आलं नाय.

सुनयना : गेलं ते परत येत नाही म्हणाले. आहे तेवढं सांभाळायचं. कानात लावायचं मशीन येतं, त्यानं बोलणं समजायला मदत होईल, पण गाणं पहिल्यासारखं नाही ऐकू येणार. आणि प्रेसवरून उठायचं. लगेच.

जयप्रकाश : उठला?

विश्वजित : उठलो. साहेबांना सांगितलं सरळ. गोडाउनला टाकलंय. खोकी मोजायची, सही करायची. इतकं शांत आहे ना तिथं, डोकं फिरतं. आणि शांत झालं की कळतं, माझ्या कानात आतच एक शिट्टी वाजते. सतत. बाहेर नाय, आत.

जयप्रकाश : आता पन?

विश्वजित : आता पण. जेवताना, झोपताना.

जयप्रकाश : कंच्या सुरात?

सुनयना : भावजी!

विश्वजित : विचारू दे ना. काळी चार. किंचित चढी.

जयप्रकाश : आयला, मग वयनीची पट्टी तीच हाय. तुला तंबोरा फुकट भेटला!

विश्वजित : हस साल्या.

सुनयना : हसले. आठवड्यात पहिल्यांदा हसले.

जयप्रकाश : चला. टाल खाली घेतो. विश्या, एवढा तर मी हळदीला पन नाय ठेवत रं. …हा आता कसा हाय?

विश्वजित : मला काय विचारतोस? तिला विचार.

सुनयना : अजून खाली. अजून… बास. आता ‘सांजवेळी’चा ‘स’. तिथं. हां, आता मऊ आला. ‘शेंगांवर’चा ‘श’ पण असाच करा.

विश्वजित : ढोलकीची धुम जास्त घुमतेय पण. ती काप थोडी.

जयप्रकाश : मना नाय वाटत.

सुनयना : मला पण ठीक वाटतंय.

विश्वजित : कापून ऐका तर. तिचा आवाज त्याच्याखाली दबतोय. खालचं मला ऐकू येतं अजून, तिथं नका शिकवू.

जयप्रकाश : …हां. मोकला झाला गला. तू उभ्या उभ्या बोलतोस, त्यापेक्षा इकडं बस ना.

विश्वजित : नाय, तू बस. मला तिथं बसलं की हात चाळवतो, वर न्यावंसं वाटतं सगळं. उभाच बरा आहे.

सुनयना : चहा करू?

विश्वजित : नंतर. आधी हे होऊ दे. शेवटचं कडवं लाव.

जयप्रकाश : हा मधला श्वास उरवतो मी. शेवटच्या कडव्याच्या आधी वयनीनी दम घेतलाय, मोठा ऐकू येतो.

विश्वजित : उडवू नको.

जयप्रकाश : तुला ऐकू येतोय?

विश्वजित : नाय. पण घेतला तेव्हा मी समोर बसलो होतो. पंखा बंद होता, घाम आला होता तिला. खांदे असे वर गेले, डोळे मिटले, मग गायली. राहू दे तो.

जयप्रकाश : सगले उरवतात रं. क्लीन वाटतं.

विश्वजित : सगळ्यांना उडवू दे.

सुनयना : राहू द्या भावजी.

जयप्रकाश : बरा. राहिला. आता पहिल्यापासून लावतो, मधे कोनी बोलू नका.

विश्वजित : …

सुनयना : …

विश्वजित : आला तो?

सुनयना : आला. आत्ताच गेला.

विश्वजित : हं. मग टाक चॅनलवर.